दाऊदभाईंची बेटं

दाऊदभाईंविषयी लिहायला बसले आहे, तर एक गोष्ट आधीच कबूल करून टाकते. त्यांच्या चाळीस वर्षांच्या संग्रहातलं सगळ्यात मोलाचं चित्र माझ्या हातून वाया गेलं. 'मशीनमध्ये गेलं' असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण मशीनला अक्कल नसते, आणि मला आहे असा माझा बरेच दिवस समज होता.

गुलमंडीत माझं दुकान आहे. सम्यक झेरॉक्स. लॅमिनेशन, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म, सगळं होतं. सम्यक माझा मुलगा. तो पुण्यात नोकरी करतो; इथे पाटीवर त्याचं नाव आणि पाटीखाली मी, सुलेखा मगरे. मधे एक मोटारसायकल जेमतेम जाईल एवढी वाट सोडली की समोर दाऊदभाईंचं फ्रेमचं दुकान. सत्तावीस वर्षं आम्ही एकमेकांची तोंडं बघत आलो. एवढं तर मी माझ्या नवऱ्याचंही पाहिलं नाही. तो बिचारा लग्नाच्या अकराव्या वर्षीच गेला. त्याचा फोटो दाऊदभाईंनीच मढवला आणि काच पुसून स्वतः घरी आणून दिला.

दाऊदभाई आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. अंगानं काटकुळे, कानावर पेन्सिल, बोटांना कायम सरसाचा वास. लग्नाचे फोटो, काबाशरीफ, गणपती, आमचे बाबासाहेब आणि बुद्ध, सगळे त्यांच्या एकाच टेबलावर उताणे पडलेले असतात आणि कुणाचं कुणाशी भांडण होत नाही. आमच्या भागात जो कुणी वारला तो शेवटी दाऊदभाईंच्या काचेआड गेला. पट्टीला पंचेचाळीस अंशांचा काप असा घेतात की जोडावर नख फिरवलं तरी कळत नाही. बोलणं मात्र कमी. बायकोशी तर त्याहून कमी, पण त्याकडे मी नंतर येते.

आमच्या दोघांचं एकाच गोष्टीवरून वाकडं होतं, ती म्हणजे लॅमिनेशन. माझ्या दुकानातून कुणी प्लास्टिकमध्ये बंद केलेला फोटो घेऊन त्यांच्याकडे गेलं की ते तिथूनच ओरडत, "सुलेखाबहन, ये कागज का कफन है! कागज को सांस लगती!" मीही ऐकून घेणारी नाही. "तुमच्या कागदाला श्वास लागतो, आमच्या कागदाला वाळवी लागते दाऊदभाई," मी म्हणायची. ते खोटं नव्हतं. माझा जातीचा दाखला आईनं पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता. वाळवीनं चाळण केली. दुसरा काढायला बापानं तहसिलीत अकरा खेटे घातले आणि त्या भानगडीत माझं कॉलेजचं एक वर्ष बुडालं. आमच्यासारख्यांकडे वडिलोपार्जित काय असतं? कागदच. दाखला, मार्कशीट, व्हॅलिडिटी. म्हणून आमच्याकडे मोलाचा कागद हातात आला की माणूस पहिल्यांदा लॅमिनेशनवाल्याचं दुकान शोधतो. नुसतं आमच्याकडे नाही, साऱ्या गावात. नव्या साहेबलोकांना याचं हसू येतं. त्यांचे दाखले कधी हरवले नसतील.

आता बेटांचं सांगते. हवाई बेटं म्हणजे महासागराच्या मधोमध, अमेरिकेच्याही पलीकडे पाण्यात पडलेली. त्या बेटांची जुनी चित्रं दाऊदभाई जमवतात. नळाला आठव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावात बसून हा माणूस चाळीस वर्षं समुद्राची चित्रं जमवतो आहे, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पोट धरून हसले होते. ते माझ्याबरोबर हसले नाहीत. पोटमाळ्यावर गेले आणि एक चित्र घेऊन खाली आले.

त्याची सुरुवात अशी. फ्रेमवाल्यांना एक गोष्ट ठाऊक असते जी बाकी जगाला नसते. पुढे जे चित्र दिसतं त्याच्या मागे, पुठ्ठ्याला आधार म्हणून, जुने लोक हाताला लागेल तो जाड कागद कोंबायचे. जुनी फ्रेम खोलली की आत काय निघेल याचा नेम नाही. त्र्याऐंशी सालची गोष्ट, दाऊदभाईंचे अब्बा तेव्हा गादीवर होते. छावणीतला एक जुना बंगला रिकामा झाला आणि तिथली दहा-बारा चित्रं दुरुस्तीला आली. त्यात कुठल्याशा इंग्रज राजाच्या तसबिरीमागून एक छापील चित्र निघालं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं. डोंगराच्या पायथ्याशी किनारा, किनाऱ्यावर माणसं, लाटांवर एका बाजूला काठ्यांचा आधार बांधलेल्या होड्या. खाली बारीक इंग्रजी अक्षरं. अब्बांची दुकानदारीची एक रीत होती. मागे जे निघेल ते गिऱ्हाइकाचं, त्याला विचारल्याशिवाय ठेवायचं नाही. दाऊदभाईंनी विचारलं. गिऱ्हाईक म्हणालं, फेकून दे.

कॉलेजातल्या भूगोलाच्या एका सरांनी ती अक्षरं वाचून दिली. त्या बेटांचं इंग्रजांनी ठेवलेलं जुनं नाव होतं सँडविच बेटं, आणि ते चित्र दोनशे वर्षांपूर्वीच्या एका सफरीच्या ग्रंथातून कापलेलं होतं. झालं. गल्लीनं दाऊदभाईंना सँडविचवाले म्हणायला सुरुवात केली आणि दाऊदभाईंनी त्या दिवसापासून प्रत्येक फ्रेम मागच्या बाजूनं आधी बघायला. जुन्या बाजारातल्या रद्दीवाल्यांना सांगून ठेवलं. हैदराबादला सासुरवाडीला गेले की बायको-मुलीला माहेरी सोडून स्वतः जुन्या पुस्तकांच्या ढिगात दिवस काढायचे. लासूर स्टेशनच्या एका अडत्याच्या माडीवर आगबोटीच्या कंपनीचं जुनं कॅलेंडर मिळालं, त्यात होनोलुलूचं बंदर. कुठून ज्वालामुखी मिळाला, कुठून फळीवर उभं राहून लाटेवरून येणारी माणसं, कुठून एक राणी. सगळी मिळून एकसष्ट चित्रं. राणी तेवढी दुकानात टांगलेली, बाकीची पोटमाळ्यावर स्वतः बनवलेल्या चपट्या खणांत, पातळ कागद मधे घालून, अंधारात. कुणी काही म्हणो, एवढी निगा मी माझ्या पोराचीही राखली नाही.

"तुम्हाला त्या बेटांवर जायचंय का?" मी एकदा विचारलं.

"नक्को," ते म्हणाले. "मेरेकू पानी से डर लगता."

मग हेच का, असं विचारलं तर खांदे उडवले. एखाद्याला एखादी गोष्ट आवडते, तिचं कारण नसतं. आपण उगीच खोदत बसतो.

या एकसष्टात एकच चित्र छापील नव्हतं. दौलताबादचे कचरूबाबा नावाचे एक म्हातारे काच फुटलेली तसबीर घेऊन आले होते. त्यांचा आजा छावणीत कुणा साहेबाकडे स्वयंपाकी होता, साहेब जाताना सामान देऊन गेला, त्यातलीच ती तसबीर. दोन पुठ्ठ्यांच्या मधून वीतभर रंगीत चित्र निघालं, हातानं काढलेलं, पाण्याच्या रंगांतलं. अर्धगोल किनारा, काळे खडक, दहा-बारा पत्र्याची घरं, होड्यांवर नारळीच्या झापाचं छप्पर आणि एक छोटं चर्च. मागे पेन्सिलीनं गावाचं नाव आणि साल, एकोणीसशे एकतीस. ते नाव मला अजून उच्चारता येत नाही, म्हणून इथे लिहीत नाही. कचरूबाबा म्हणाले, "ठिवा तुम्हीच. मला काय करायचं त्येचं?" दाऊदभाईंनी नवी काच बसवून दिली आणि वर दोन फ्रेमा बळंच हातात दिल्या.

चौदा वर्षांपूर्वी मालिया नावाची एक बाई वेरूळ-अजिंठा बघायला आली होती. हवाईची, शाळेत शिकवणारी, आडव्या अंगाची, हसरी. गुलमंडीत हिमरूची शाल घ्यायला आली आणि दाऊदभाईंच्या दुकानात स्वतःच्या देशाची राणी टांगलेली पाहून थबकली. दाऊदभाईंनी तिला वर नेलं. मी दुभाषी म्हणून गेले होते, पण खालून गिऱ्हाइकानं हाक मारली म्हणून मधेच उतरले. त्यामुळे ते रंगीत चित्र मी पाहिलंच नाही. पुढे जे झालं ते दाऊदभाईंनी सांगितलं, आणि तिचं बोलणं तिनं खाली आल्यावर मला. तिनं मागचं नाव वाचलं आणि ती तिथेच जमिनीवर बसली. तिच्या आईचं गाव होतं ते. आई सोळा वर्षांची असताना डोंगर फुटला आणि लाव्ह्याखाली गाव गेलं. चर्च, घरं, होड्या, सगळं. अंगावरच्या कपड्यांनिशी माणसं निघाली. एक फोटोसुद्धा उरला नाही.

तिनं माझ्यामार्फत चित्र मागितलं. दाऊदभाई म्हणाले, देतो, पण आत्ता नाही.

हे 'आत्ता नाही' चौदा वर्षं चाललं. मालियाचा दरवर्षी मेल यायचा, तो माझ्या कॉम्प्युटरवर यायचा, मी वाचून दाखवायची आणि उत्तर टाईप करायची. पुढल्या वर्षी नक्की. पावसाळा संपल्यावर. डोळ्यांचं झाल्यावर. दाऊदभाई दिलदार माणूस, पण जमवणाऱ्याच्या हाताला देण्याची सवय नसते. मी एकदा चिडून म्हणाले, "द्या की हो आता! तिच्या आईचं गाव हाय ते, तुमच्या आईचं हाय का?" तर म्हणाले, "एक बार और देख लूं." चौदा वर्षं तेच एक बार.

गेल्या जूनमध्ये मेल आला. आई एक्याण्णव वर्षांची झाली आहे. डोळे अधू होत चालले आहेत. डॉक्टर म्हणतात, वर्षभर दिसेल, फार तर. तुम्ही दाखवलंत तेव्हा मी फोनमध्ये फोटो घेतला होता, पण स्क्रीनवर तिला काही ओळखू येत नाही. तिला ते हातात धरून खिडकीशी नेऊन बघायचं आहे. तिच्यानंतर इथलं एक छोटं संग्रहालय ते सांभाळील, मी बोलून ठेवलं आहे. कृपा करा.

मी वाचून दाखवलं. दाऊदभाई बराच वेळ पट्टीला पॉलिशपेपर घासत राहिले. मग म्हणाले, "लिख दो. भेजता."

चित्र शंभर वर्षांच्या आतलं होतं, परदेशी पाठवायला आडकाठी नाही, याची त्यांनी दोन ठिकाणी जाऊन खात्री केली. कुरिअर ठरलं. शुक्रवारी चार वाजता माणूस यायचा होता. आणि बुधवारी दाऊदभाईंना सरकारी दवाखान्यातून फोन आला, मोतीबिंदूची तारीख लागली, उद्याच या. सहा महिने वाट पाहिलेली तारीख सोडवत नाही. त्यांनी चित्र पातळ कागदात गुंडाळून, लिफाफ्यात घालून घरी नेलं आणि बायकोला, राहतभाभींना, सांगितलं. पुठ्ठा लाव, पक्कं बांध, पावसाचे दिवस आहेत, पाणी लागू देऊ नको.

राहतभाभी घरी साड्यांना फॉल-पिको करतात. त्यांची मुलगी नौशीन लासूर स्टेशनला शाळेत शिकवते. तिची सगळी सर्टिफिकेटं मीच लॅमिनेट केली आहेत. प्रत्येक वेळी भाभी स्वतः पदराखाली धरून घेऊन यायच्या. शुक्रवारी दुपारी दोनला भाभी आल्या तेव्हा माझ्या दुकानात उभं राहायला जागा नव्हती. अ‍ॅडमिशनचे दिवस. सर्व्हर डाऊन, लाईट जाते-येते, पोरं आणि त्यांचे आईबाप कावलेले. बाहेर रिपरिप लागलेली. भाभींनी गर्दीतून हात पुढे करून लिफाफा दिला. "सुलेखा, ये पक्का कर दे. पानी लगने का नहीं."

मला कळायला हवं होतं. ज्या चित्राचे मेल मी चौदा वर्षं टाईप केले, जे त्याच दिवशी चार वाजता जायचं होतं, ते भाभींच्या नाही तर दुसऱ्या कुणाच्या हातून येणार? पण त्या दिवशी मी चाळीस-पन्नास दाखले घातले होते आणि हात आपोआप चालत होता. लिफाफ्यातून आणि पातळ कागदातून काढलं, पाऊचमध्ये सरकवलं, पाऊच रोलरला लावला. चित्र पालथं होतं, आणि माझे डोळे त्यावर नव्हते. मी दुसऱ्याच्या फॉर्मवर जन्मतारीख बघत होते.

पलीकडून बाहेर आलं. कडा कापायला हातात घेतलं, अजून गरम होतं, आणि मागच्या बाजूला पेन्सिलीचं ते नाव होतं. मी तेच नाव किती वेळा एकेक अक्षर बघून टाईप केलं होतं.

उलटं करून पाहिलं. पहिल्यांदाच पाहत होते. निळा अजून निळाच होता, पण वरच्या आभाळात, जिथे रंग कागदावर नुसता टेकलेला असणार, तिथे तो प्लास्टिकला चिकटून सोलपटला होता. चर्चच्या बाजूला बुडबुडा आला होता.

"बढिया हुआ," भाभी म्हणाल्या. "अब डर नहीं."

मी ते काउंटरवर पालथं ठेवलं. म्हणाले, "भाभी, हे राहू द्या माझ्याकडं. कुरिअरचं मी बघते." त्या समाधानानं गेल्या. मी शटर अर्धं ओढलं आणि लोकांनी मला शिव्या दिल्या तरी वीस मिनिटं आत बसून राहिले. चार वाजता कुरिअरवाला आला, त्याला तसाच परत पाठवला.

पुण्याच्या एका संग्रहालयात जुने कागद दुरुस्त करणाऱ्या बाईंचा नंबर सम्यकनं मिळवून दिला. त्या शांतपणे म्हणाल्या, गरम करून सोडवायला जाऊ नका, रंग प्लास्टिकबरोबर निघेल. आहे तसं राहू द्या. म्हणजे संपलं.

सोमवारी दाऊदभाई आले, काळा चष्मा लावून. मी चित्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगितलं, मधे एकदाही न थांबता. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. त्यांनी चष्मा काढला, एका डोळ्यानं चित्र जवळ धरलं, बोटांनी जाडी चाचपली.

"कितने मायक्रॉन का?"

"एकशे पंचवीस."

"अच्छा वाला डाली," ते म्हणाले. मग विचारलं, "राहत को मालूम है?"

"नाय."

"मत बताना. उसकी क्या गलती? मैंने ही बोला, पानी नहीं लगना."

"तिची नाय, माझी हाय. मी बघायला पायजे होतं."

ते स्टुलावर बसले. इतकं दमलेलं मी त्यांना अब्बा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, मालियाला लिहून टाक, पार्सल वाटेत हरवलं.

मी आयुष्यात लोकांच्या सांगण्यावरून पुष्कळ खोटं टाईप केलं आहे. न झालेले आजार, न गेलेले प्रवास, न राहिलेले भाडेकरू. त्यात काय विशेष? टाईप केलं. 'आम्हाला कळवण्यास दुःख होते' इथपर्यंत आले. वाचून दाखवलं. दाऊदभाई "भेज दो" म्हणालेच नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, तेच परत वाचून घेतलं, तसेच गेले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "वो बुढ्ढी समझेगी, कोई ले गया, कहीं तो है. ढूंढते बैठेगी. उमर नहीं है उसकी ढूंढने की." मग म्हणाले, "सच लिख. लिख, गलती दाऊद की है."

मी खरं लिहिलं. शेवटी मात्र लिहिलं की चूक सुलेखा मगरे हिची आहे. त्यांना इंग्रजी येत नाही, तेवढी एक सोय होती.

चार दिवस उत्तर नाही. त्या चार दिवसांत मी तीनदा मशीन बंद करून ठेवलं आणि तीनदा गिऱ्हाइकांच्या कटकटीनं चालू केलं. पाचव्या दिवशी मालियाचं दोन ओळींचं उत्तर आलं. संग्रहालय आता घेणार नाही म्हणतं. आई म्हणते, पाठवा.

पाठवलं. या वेळी दाऊदभाईंनी पार्सल स्वतः बांधलं, माझ्या काउंटरवर, चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोन लावून. कुरिअरवाला घेऊन गेला तेव्हा ते त्याच्यामागे रस्त्यापर्यंत गेले आणि उगीच दोन मिनिटं उभे राहिले.

मोठा मेल आला तो ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी. दाऊदभाई जुम्म्याची नमाज पढून आले होते. राहतभाभी त्यांचा डबा घेऊन आल्या आणि दाऊदभाई माझ्याकडे बसलेले पाहून इकडेच आल्या. मी त्यांना स्टूल दिलं आणि मेल वाचून हिंदीतून सांगायला लागले.

मालियानं लिहिलं होतं, आई दोन दिवस चित्र मांडीवर घेऊन बसली आहे. जेवतानाही सोडत नाही. चर्चच्या मागचं तिसरं घर आमचं, म्हणाली. चित्र काढणाऱ्यानं आमच्या दारातलं झाड काढलंच नाही, आळशी असणार, म्हणाली. पण तिला नीट दिसत नाही. प्लास्टिकवर उजेड चमकतो, म्हणून ती सारखं तिरपं करून बघते. मग हात दुखतात, तेव्हा मी धरून बसते. आभाळ कुठे गेलं, असं तिनं मला दोनदा विचारलं. मी सांगितलं, त्या दिवशी ढग होते. तुम्ही पाठवलंत, तुमचे आभार.

मी वाचायची थांबले. 'चमकतो' हे मी गाळायला हवं होतं, 'आभाळ' तर नक्कीच. पण वाचताना माझं भान गेलं होतं. दाऊदभाई भिंतीकडे बघत होते.

"वो चमकता," भाभी म्हणाल्या, "मेरी वजह से ना?"

मी घाईनं मेल बंद केला.

"मालूम है मेरेकू. महिना हुआ. मैं आती तो तुम दोनों चुप हो जाते. नौशीन से पूछी मैं, ऐसा चित्र प्लास्टिक में डालते क्या. वो बोली, अम्मी, नहीं डालते."

"भाभी, चूक माझी हाय," मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. नवऱ्याकडे पाहत होत्या. आवाज चढलेला नव्हता.

"एक बार तो बताना था मेरेकू, क्या चीज है वो."

"तूने कभी पूछा नहीं, राहत," दाऊदभाई म्हणाले.

"पूछी थी." भाभींनी डबा मांडीवरून खाली ठेवला. "शादी का पहला साल. डब्बा लेके मैं ऊपर चढी थी आपके माले पे. आप कागज फैलाके बैठे थे. मैं बोली, ये कहां का समुंदर है जी? आप बोले, हाथ मत लगाना, तेल के हाथ हैं, नीचे जाओ. अब्बा नीचे बैठे थे, गिऱ्हाईक थे. मैं उतर गई. फिर नहीं पूछी."

चाळीस वर्षं. मला मालिया आठवली, जिला त्यांनी पहिल्याच भेटीत वर नेलं होतं. भूगोलाचे सर, रद्दीवाले, लासूरचा अडत्या, मी. वाटेनं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला या माणसानं ती बेटं दाखवली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा. मला दाऊदभाईंचा राग आला आणि दयाही आली, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणसानं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

दाऊदभाई उठले. घाईनं उठले, स्टूल पडलं. "चल," म्हणाले. "अभी चल. सब दिखाता. साठ हैं. हाथ में ले के देख."

"अब नक्को जी," भाभी म्हणाल्या. "घुटने से सीढ़ी नहीं चढ़ी जाती अब."

"मैं नीचे लाता. सब नीचे लाता."

भाभींनी नाही म्हणून मान हलवली. पडलेलं स्टूल वाकून सरळ केलं, त्यांना बसायला पुढे सरकवलं आणि डब्याचं झाकण काढलं.

"थक गई मैं," त्या म्हणाल्या. "खाना खा लो, ठंडा हो रहा."